गंज्या पेटत होत्या तेव्हाची चित्रं

इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या सतरा छोट्या चित्रांबद्दल बोलायचं तर आकारापासूनच सुरुवात करावी लागते. प्रत्येक चित्र उंचीला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, रुंदीला साडेसात. दोन चित्रं एका तळहातावर सहज मावतील. रॉबर्ट थॉर्नटन या डॉक्टरनं शाळकरी मुलांसाठी प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या मेंढपाळ-कवितांचं पुस्तक काढलं होतं. त्याच्या १८२१ च्या आवृत्तीत पहिल्या कवितेचं अँब्रोज फिलिप्सनं केलेलं इंग्रजी अनुकरण होतं, आणि त्यासाठी ब्लेकनं ही चित्रं लाकडात कोरली. ब्लेक तेव्हा साठी उलटलेला. जन्म तांब्यावर कोरण्यात गेलेला, लाकूड त्याच्या हाताला नवखं. धंद्यातल्या लोकांना ते काम इतकं ओबडधोबड वाटलं की त्याची आणखी तीन चित्रं दुसऱ्या कारागिराकडून नव्यानं कोरून घेतली गेली. बाकीचीही तशीच जाणार होती. थॉमस लॉरेन्स, जेम्स वॉर्ड, जॉन लिनेल अशा चित्रकारांनी थॉर्नटनची समजूत घातली म्हणून ती वाचली. तरीही पुस्तकात थॉर्नटननं वाचकांची जवळजवळ माफी मागणारी टीप घातलीच. शिवाय पानात बसावेत म्हणून ठोकळ्यांच्या कडाही कापल्या.

कारागीर नाराज का झाले, हे कळायला ठोकळा कसा कोरतात ते पाहावं लागेल. या कामाला बॉक्सवुड नावाचं अतिशय घट्ट लाकूड लागतं. ते खोडाच्या उभ्या फळीत न कापता आडवं, चकतीसारखं कापतात, म्हणजे पोलादी टोकाला सगळ्या दिशांनी सारखाच विरोध मिळतो आणि रेषा फाटत नाही. झुडपाचं खोडच बारीक, त्यामुळे ठोकळाही लहान. ठोकळ्याची उंची छापखान्याच्या खिळ्याइतकी, सुमारे २३.३ मिलिमीटर ठेवली की मजकुराबरोबर तो एकाच दाबात छापता येतो. पुस्तकांसाठी ही पद्धत लोकप्रिय झाली ती या सोयीमुळे. कोरणीची मूठ तळहाताच्या टाचेत बसते. ठोकळा वाळूच्या चामडी उशीवर असतो, आणि वळणदार रेषेसाठी कोरणी न फिरवता ठोकळा फिरवायचा असतो. कोन जरा उभा झाला की टोक रुततं. फार सपाट झाला की घसरतं आणि नको तिथं एक पांढरा ओरखडा कायमचा राहतो. बोथट कोरणी लाकूड कापत नाही, उचकटते.

ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला की न कोरलेला सगळा भाग काळा छापला जातो आणि कोरलेलं तेवढं पांढरं उरतं. म्हणजे ठोकळ्याची मूळ अवस्था काळोख आहे. कोरणाऱ्याचा प्रत्येक घाव उजेडाचा. धंदेवाईक कारागीर मात्र बहुतेकदा उलटं काम करत. चित्रकारानं पेननं काढलेली काळी रेषा जशीच्या तशी उठून दिसावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढत बसत. हुकमी, सफाईदार आणि निर्जीव. ब्लेकनं ती सफाई सोडून दिली आणि काळ्यातून थेट उजेड उकरून काढला. टेकडीच्या कडेला चार पांढरे फटकारे, मेंढ्यांच्या पाठींवर ठिपके, चंद्राभोवती दोन-तीन कमानी. छापताना शाई थोडी जास्त झाली की हे बारीक पांढरे चर बुजतात आणि चित्रातल्या संध्याकाळचा नुसता डाग होतो. त्या शालेय पुस्तकातली छपाई अशीच घाईची आहे. ठोकळे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यावरून नंतर सावकाश काढलेल्या प्रती शेजारी ठेवल्या की मूळ पुस्तकात किती गोष्टी बुडाल्या होत्या ते दिसतं.

या चित्रांत नुसती शांतता नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. कोलिनेट हा तरुण मेंढपाळ घर सोडून भटकतो आहे. एका चित्रात तो मैलाच्या दगडाजवळून चालला आहे आणि दगडावर लंडन बासष्ट मैल असं रोमन आकड्यांत कोरलं आहे. एका चित्रात झाड मोडलेलं आहे आणि पीक आडवं झालेलं आहे. मराठीत या प्रकारच्या कवितेला ‘जानपद’ म्हणतात. तो शब्द ऐकला की सुगी, पावा आणि पाखरं डोळ्यांपुढे येतात. पण या परंपरेच्या उगमाशी सुगी नाही, बेदखली आहे. व्हर्जिलच्या पहिल्या कवितेत दोन मेंढपाळ भेटतात. मेलिबियसची जमीन काढून घेऊन सैनिकांना दिलेली आहे आणि तो शेळ्या हाकत परागंदा होतो आहे. टिटिरसची जमीन वाचली आहे, म्हणून तो झाडाखाली पावा वाजवू शकतो. इसवीसनपूर्व ४२ मध्ये फिलिपीची लढाई संपल्यावर इटलीत सैनिकांना अशा जमिनी खरोखरच वाटल्या गेल्या. पुढच्या दोन हजार वर्षांत चित्रकारांनी मुख्यतः टिटिरस रंगवला. मेलिबियस चौकटीबाहेर गेला.

चित्रकार सॅम्युएल पामर १८२४ मध्ये ब्लेकला भेटला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ही सतरा चित्रं त्याला स्वर्गाचे कानेकोपरे वाटली. आजोबांकडून थोडा वारसा मिळाला होता, त्यावर तो लंडन सोडून केंट परगण्यात डॅरेंट नदीकाठच्या शोरम गावी राहायला गेला. एडवर्ड कॅल्व्हर्ट, जॉर्ज रिचमंड हे मित्र येऊन-जाऊन असत. स्वतःला ते ‘एन्शंट्स’, म्हणजे प्राचीन म्हणवत. रात्री-अपरात्री टेकड्यांवरून हिंडत, म्हणून गावकरी त्यांना ज्योतिषीबितिषी समजत. पामरनं या काळात एकच लाकडी ठोकळा पूर्ण केला, चंद्रकोरीखालच्या कापणीचा, तोही बोटभर उंचीचा. कॅल्व्हर्टनं मात्र १८२७ ते १८३१ या चार-पाच वर्षांत इंग्रजी छापचित्रांतली सर्वांत नाजूक म्हणता येतील अशी मोजकी चित्रं केली. ‘सायडर फीस्ट’मध्ये सफरचंदाच्या दारूच्या सुगीचा नाच आहे. ‘चेंबर इडिल’मध्ये एक जोडपं निजायच्या तयारीत आहे, वर लाकडी तुळया, उघड्या भागातून बाहेर चांदणं आणि गुरं. हे दुसरं चित्र साधारण चार बाय साडेसात सेंटिमीटर. तेवढ्या जागेत तुळईच्या लाकडाची नससुद्धा दिसते. कॅल्व्हर्टनं त्यानंतर पन्नास वर्षं आयुष्य काढलं, पण तसं पुन्हा काही कोरलं नाही.

आता याच परगण्यात याच वर्षांत काय चाललं होतं ते पाहा. २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री कँटरबरीजवळ लोअर हार्ड्रेस इथं मजुरांनी एक मळणीयंत्र फोडलं. पुढच्या काही महिन्यांत ते लोण दक्षिण आणि पूर्व इंग्लंडभर पसरलं. यंत्रं फुटली, गंज्या पेटल्या, शेतकऱ्यांच्या दारांत ‘कॅप्टन स्विंग’ या नावानं सही केलेल्या धमकीच्या चिठ्ठ्या पडल्या. असा कुणी कॅप्टन नव्हताच. मजुरांचा राग यंत्रावर का, तर शेतमजुराला कापणीनंतर भाकरी मिळायची ती मळणीवर. खळ्यात झोडपणीच्या दांडक्यानं धान्य झोडायचं काम नोव्हेंबरपासून पुढचे दोन-तीन महिने पुरायचं. घोड्याच्या बळावर चालणारं यंत्र तेच काम थोड्या दिवसांत उरकायचं, आणि नेमक्या थंडीच्या महिन्यांत मजूर रिकामा व्हायचा. त्यांची मागणी काय होती? केंट-ससेक्स भागात हिवाळ्यात सव्वादोन शिलिंग रोज आणि उन्हाळ्यात अडीच. बस एवढंच. त्याबद्दल १९ जणांना फाशी झाली आणि जवळजवळ पाचशे जणांना ऑस्ट्रेलियाकडे काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं.

इथे एक चूक नेहमी होते. इंग्लंडमधल्या ग्रामीण दैन्याचा विषय निघाला की सगळा दोष गायरानं कुंपणात घालणाऱ्या कायद्यांवर टाकला जातो. ते कायदे लहानसहान नव्हते. १६०४ ते १९१४ या काळात संसदेनं असे पाच हजारांहून जास्त कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. इंग्लंडच्या मध्य भागातली हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांची सरळ, पट्टीनं आखल्यासारखी शेतं त्यातून आली. पण केंटमधली जमीन त्याच्या कितीतरी आधीपासून कुंपणांत होती. पामरच्या चित्रांतली वाकडीतिकडी लहान शेतं, खोलगट वाटा आणि जुनी झाडं हा कल्पनेचा खेळ नाही, तो भूभागच तसा आहे. तिथलं दुखणं मजुरीचं, मळणीयंत्राचं आणि चर्चच्या दशांश कराचं होतं. शिवाय सरवा वेचण्याचंही. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं गरीब बायका-मुलं वेचत आणि त्यावर घरात थोडं पीठ व्हायचं. १७८८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सरवा वेचणं हा कायद्यानं मिळालेला हक्क नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी ती चाल टिकून राहिली, पण आता शेतमालकाच्या मर्जीवर. पामरचं सरवा वेचणाऱ्यांचं एक रंगचित्र आहे, साधारण १८३३ चं, ‘द ग्लीनिंग फील्ड’ नावाचं. वाकलेल्या आकृत्यांवर सोनेरी उजेड पडला आहे. चित्र सुंदरच आहे. फक्त त्यात हक्क आणि मर्जी यांतला फरक दिसत नाही, आणि वाकणाऱ्या बाईच्या दृष्टीनं सगळं काही त्या फरकात होतं.

पामर कुणाच्या बाजूचा होता? १८३२ मध्ये त्यानं पश्चिम केंटच्या मतदारांना उद्देशून एक पत्रक छापलं. सूर कट्टर टोरी, सुधारणांच्या विरोधात, चर्चच्या आणि जुन्या व्यवस्थेच्या बाजूनं. पेटत्या गंज्यांची दहशत त्यात स्पष्ट आहे. पत्रक मतदारांसाठी होतं आणि शेतमजूर मतदार नव्हता. बहुतेक शेतमजुरांना मत मिळालं ते १८८४ च्या कायद्यानं, म्हणजे पामर वारल्यावर तीन वर्षांनी.

म्हणून पामरला ढोंगी ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. भरलेलं कोठार, टेकडीआडचं देऊळ, झोपलेली मेंढरं यांवर त्याचा अक्षरशः विश्वास होता. गाव असं असावं आणि देवानं ते तसंच केलेलं आहे, ही त्याची धारणा. चित्र म्हणजे त्याच्या बाजूचा युक्तिवाद होता आणि तो त्यानं मनापासून मांडला. अडचण त्याच्या प्रामाणिकपणात नाही. त्या युक्तिवादाचा दुसरा पक्षकार चित्रात आहे, पण त्याला तोंड नाही, ही अडचण आहे. तो नांगर धरतो, मेंढ्या राखतो, थकून झोपतो.

मेंढ्या कोंडायचं साधं वाडगंच घ्या. रात्री वाडग्यात बसलेली मेंढरं हे या चित्रांतलं सर्वांत निवांत दृश्य. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडी टेकड्यांवर ती निवांतपणासाठी बसवत नसत. दिवसा टेकडीवर चारायचं आणि रात्री गव्हाच्या रानात बसवायचं, म्हणजे लेंडीखत आणि मूत थेट शेतात. हेझलच्या काठ्या विणून केलेले कूड एकमेकांना बांधून वाडगं उभं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच उपटून शेजारच्या पट्ट्यात न्यायचं. जमीन गोठलेली असो की चिखल झालेला असो, मेंढपाळाला लोखंडी पहारीनं भोकं पाडून मेखा ठोकाव्याच लागत. वाडगं म्हणजे रोज सरकणारा खताचा कारखाना. हे कळल्यावर चित्र कमी सुंदर होत नाही. त्यातला मेंढपाळ का झोपला आहे, ते मात्र कळतं.

पामर एचिंगकडे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा खोदून चित्र छापण्याकडे, वळला १८५० मध्ये, पंचेचाळिशीत. शोरम केव्हाच सुटलं होतं. पुढच्या तीस वर्षांत त्यानं फक्त तेरा पत्रे पूर्ण केले. इतके कमी का, याचं उत्तर तांब्यात आहे.

दीड मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घेऊन कडा कानशीनं तिरक्या घासायच्या, नाहीतर दाबाखाली कागद आणि वरचं फेल्ट दोन्ही कापली जातात. खडूची पूड आणि अमोनिया लावून तेलकटपणा काढायचा. पाणी थेंबाथेंबांत न तुटता सलग पसरलं की पत्रा स्वच्छ झाला. तो गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा आणि मेणाच्या पेटत्या वातींच्या काजळीनं काळा करायचा. ज्योत एका जागी रेंगाळली की थर करपतो आणि आम्लात तिथून पापुद्रा सुटतो. मग सुईनं चित्र काढायचं. सुई फक्त थर खरवडते. रेषा खोल करायचं काम आम्लाचं, आणि पाठीमागची बाजू व कडा त्याआधी वॉर्निशनं झाकून घ्यायच्या.

नायट्रिक आम्ल एका भागाला दोन-तीन भाग पाणी, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. ते झपाट्यानं खातं, बुडबुडे काढतं आणि रेषेला बाजूनंही पोखरतं. बुडबुडे पिसानं हटवले नाहीत तर रेषा तुटक येते. याला पर्याय डच मॉर्डंट: ८८ भाग पाणी, १० भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि २ भाग पोटॅशियम क्लोरेट. ते सावकाश आणि सरळ खाली खातं, म्हणून गर्द जाळीच्या कामाला चांगलं. पण ते मिसळताना क्लोरीन वायू सुटतो. आज बरेच जण फेरिक क्लोराइड वापरतात. त्यात रेषेत गाळ साचतो, म्हणून पत्रा उभा किंवा पालथा ठेवावा लागतो. आकाशाच्या रेषा काही मिनिटांत बाहेर काढून वॉर्निशनं झाकायच्या, मग मधली टेकडी, मग झाडं. सर्वांत गडद कोपऱ्याला तास-दीड तासही लागतो.

खरी अडचण या गडद कोपऱ्यातच आहे. एचिंगमध्ये काळं म्हणजे शाई धरून ठेवणारी खाच. दोन खाचांमध्ये तांब्याची बारीक भिंत शिल्लक हवी. रेषा फार जवळ काढल्या आणि आम्ल फार वेळ ठेवलं की भिंती कोसळतात आणि तिथं एक उथळ, रुंद खड्डा होतो. पुसताना त्यातली शाई निघून जाते. म्हणजे जो भाग सर्वांत काळा हवा, तोच छापल्यावर मळकट राखाडी येतो. जास्त काळं करायला जावं तर काळोख हातातून निसटतो. पामरला रात्र हवी होती, तीही खोल आणि धग असलेली. त्याचा तोडगा म्हणजे अमर्याद सोशिकपणा. एकदा उथळ खायला लावायचं, थर काढून प्रत घ्यायची, पुन्हा थर देऊन जुन्या रेषांच्या मधून नव्या रेषा, पुन्हा उथळ आम्ल. असं कितीतरी वेळा. आणि प्रत्येक फेरीत तांब्याची टाचणीच्या टोकाएवढी बेटं वाचवत जायचं. ‘द लोनली टॉवर’ भिंगाखाली धरलं की ही बेटं दिसतात. १८७९ चा हा पत्रा, साधारण १९ बाय २५ सेंटिमीटर. टेकडीवर मनोऱ्यात एकच दिवा, क्षितिजाशी चंद्रकोर, खाली घळीत मिट्ट काळोख. तो मिट्ट भाग भिंगातून पाहिला तर अजिबात सलग काळा नाही. पानापानावर, दगडादगडावर कागदाचा पांढरा कण जागा आहे. या कणांमुळेच डोळ्याला अंधार खोल वाटतो. छापतानाही ते जपावे लागतात. गरम पत्र्यावरून मऊ मलमल हलकेच फिरवली की शाई खाचेतून किंचित वर ओढली जाते आणि रेषेला धुकट कड येते. हात जरा जड पडला तर सगळे कण बुजतात. कागद भिजवून, टिपून, नुसता ओलसर हवा. पाणी चमकत असेल तर शाई धरत नाही, सुकत आला असेल तर रेषा अर्धवट उठते.

त्याच चित्रात दोन मेंढपाळ आडवे होऊन दिव्याकडे पाहत आहेत, आणि दुसऱ्या अंगाला बैल जोडलेली गाडी अजून चढ चढते आहे. रात्र झाली तरी कुणाचा तरी दिवस संपलेला नाही. पामरला यात खिन्नता दिसली असेल, मला त्यात मजुरीचे तास दिसतात. १८७९ हे साल इंग्रज शेतीला कर्दनकाळ ठरलं. उन्हाळाभर पाऊस, पीक कुजलं, आणि अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त गव्हामुळे भावही चढले नाहीत. त्याआधी १८७२ मध्ये जोसेफ आर्चनं शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली होती आणि १८७४ मध्ये पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी कामबंदी करून तिला जेरीस आणलं होतं. यातलं काहीही त्या पत्र्यावर नाही.

पामर १८८१ मध्ये वारला आणि त्याचं नाव मागं पडलं. १९०९ मध्ये मुलानं वडिलांच्या वह्या आणि चित्रांचा मोठा साठा जाळून टाकला. मग १९२६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पामर आणि ब्लेकच्या इतर शिष्यांचं प्रदर्शन भरलं. गोल्डस्मिथ्स कॉलेजातले ग्रॅहम सदरलँड, पॉल ड्र्युरी, रॉबिन टॅनर हे विद्यार्थी तोवर त्याच्या एचिंगनं भारले गेले होतेच. चिपिंग कॅम्पडनला स्वतःचे पत्रे स्वतः छापणाऱ्या फ्रेडरिक ग्रिग्जकडून त्यांना छपाईची शिस्त मिळाली. सदरलँडच्या १९२५ च्या ‘क्रे फील्ड्स’मध्ये तारा आहे, हॉप्सच्या वेलींचे खांब आहेत, पामरची सगळी जाळी आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ही शांतता का शोधली असेल, ते युद्धानंतरच्या त्या देशात समजण्यासारखं आहे. पण मजुराचं गाऱ्हाणं तेच होतं. १९२१ मध्ये सरकारनं धान्याच्या हमीभावाचा आणि किमान मजुरीचा कायदा मागं घेतला. आठवड्याला ४६ शिलिंगांवर गेलेली मजुरी दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली आणि १९२३ मध्ये नॉरफोकच्या शेतमजुरांनी संप केला. या सुंदर पत्र्यांना पैसा पुरवणारा बाजार शहरी संग्राहकांचा, बराचसा अमेरिकी. १९२९ ला वॉल स्ट्रीट कोसळली तसा तोही कोसळला. सदरलँड चित्रकलेकडे वळला. टॅनर शिक्षक होता, तो शिकवत राहिला आणि विल्टशरच्या गवताच्या गंज्या, फाटकं आणि कुंपणं कोरत राहिला.

पामरच्या टेबलावर शेवटपर्यंत व्हर्जिल होता. त्या मेंढपाळ-कवितांचं त्यानं स्वतः इंग्रजी भाषांतर केलं होतं आणि त्यांसाठी पत्रे करत होता. ‘ओपनिंग द फोल्ड’, वाडगं उघडण्याचं चित्र, १८८० मध्ये पुरं झालं. चार पत्रे अर्धे राहिले, ते मुलानं पूर्ण केले. पहाटेचं चित्र त्याला साधलं, पण त्या पुस्तकाची पहिली कविता संपते ती संध्याकाळी. टिटिरस बेदखल झालेल्या मेलिबियसला म्हणतो, आजची रात्र माझ्याकडे राहा. सफरचंदं आहेत, चेस्टनट आहेत, चीज आहे. बघ, दूरच्या घरांच्या छपरांवरून धूर निघतो आहे आणि डोंगरांच्या सावल्या लांबत चालल्या आहेत. सकाळी मेलिबियसला निघायचंच आहे. ब्लेकच्या सतरा ठोकळ्यांच्या शेवटाकडेही हेच जेवण आहे, म्हातारा मेंढपाळ थेनो आणि कोलिनेट पानावर बसलेले. त्यानंतर नांगरटीवरून गात परतणारे गडी, आणि अगदी शेवटी जू सुटलेली जनावरं, रेंगाळत, हंबरत घराकडे.